भट्टीमास्तरांची ऊब

बेकरीत त्यांना सगळे भट्टीमास्तर म्हणत. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. उलट शाळेनंच त्यांच्याशी फार लवकर संबंध तोडला होता. पण लाकडावर चालणारी ती जुनी भट्टी त्यांच्या हाताखाली जशी वागायची तशी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली वागत नसे, म्हणून ही पदवी. भट्टीपुढे जमिनीत एक खड्डा होता. त्यात उभं राहिलं की भट्टीचं तोंड बरोबर कंबरेच्या उंचीला यायचं आणि लांब दांड्याचं लाकडी फावडं सरळ आत सरकवता यायचं. मास्तर चिमूटभर पीठ भट्टीच्या तळावर भिरकावत, ते कुठल्या रंगावर जातंय ते बघत, आणि "अजून दम धरा" किंवा "चला, भरा" एवढंच म्हणत. त्यावर मालकसुद्धा बोलत नसत.

जगाविषयी मास्तरांचं एकच मत होतं आणि ते पक्कं होतं. ऊब मिळाली की सगळं ठीक होतं. पीठ रुसून बसलं? ट्रे भट्टीच्या कडेला नेऊन ठेवा. आईचा गुडघा धरला? वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेका. बायकोची पाठ भरून आली? गरम पाण्याची पिशवी तयार. गोदामात मांजरीनं पिल्लं घातली तेव्हा मास्तरांनी अख्खं खोकं उचलून भट्टीमागच्या फळीवर ठेवलं होतं. ती पिल्लं पुढे अशी गुबगुबीत झाली की मास्तर ती गोष्ट पाहुण्यांना वर्षानुवर्षं ऐकवत राहिले. पाहुणे बिचारे दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करत.

घरात माणसं तीन. मास्तर, त्यांची आई आणि त्यांची बायको. आई त्यांना अजून "बाळा" म्हणून हाक मारी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात बाळ म्हणावं असं तेवढंच एक होतं, आणि त्याचं पोट पट्ट्यावरून खाली डोकावत होतं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवून "आता दिसतं का? आता?" असं न कंटाळता विचारायची, त्यामुळे तिच्या अंगी जात्याच असलेला सोशिकपणा दुप्पट झाला होता. तिनं स्वतःच्या सगळ्या तपासण्या केव्हाच करून घेतल्या होत्या. त्यात खोट निघाली नाही. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता यजमानांना पाठवा."

यजमान वर्षभर गेले नाहीत. कधी बेकरीत मोठी ऑर्डर, कधी पोटात दुखतंय, कधी नुसतंच "बघू". खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते. एवढा धगीला न घाबरणारा माणूस, पण त्या दवाखान्याचा जिना बघितला की त्यांची पाचावर धारण बसायची.

आई मात्र स्वस्थ बसली नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे मास्तरांच्या मावशीनं, कुठल्याशा सालींचा काढा सुचवला होता. रोज सकाळी आई तो उकळायची आणि पेला सुनेपुढे ठेवायची. काढा इतका कडू की नुसत्या वासानं खिडकीतली माशी उडून जावी. सून तो नाक धरून प्यायची, पेला विसळायची आणि दुकानात निघून जायची. मास्तर समोर बसून लोणी लावलेला पाव खात असायचे.

अखेर एकदाचे मास्तर गेले. तपासणी झाली, आणि निकाल ऐकायला दोघं डॉक्टरबाईंपुढे बसली.

"संख्या कमी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि जे शुक्रजंतू आहेत, तेही सुस्त आहेत."

"सुस्त म्हणजे?"

"म्हणजे पुढे पोहत नाहीत. जागच्या जागी घुटमळतात."

मास्तर खाली बघायला गेले, पण मध्ये पोट आलं. डॉक्टरबाईंनी मग एकेक गोष्ट विचारली. सिगारेट? ओढतो, जेवल्यावर एक, आणि मग जेवल्यावर नाही अशाही काही. झोप? तुकड्यातुकड्यात. खाणं? बेकरीत असतो, त्यामुळे जे भाजलं जाईल ते. व्यायाम? मास्तरांना हा प्रश्नच कळला नाही.

"सिगारेट बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोट कमी करा, सलग झोपा, रोज घाम येईल इतकं चाला किंवा व्यायाम करा. पण नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात, तेव्हा आज पळलात आणि उद्या फरक, असं होणार नाही. घाबरू नका. यातलं बरंचसं तुमच्याच हातात आहे."

घरी आल्या आल्या आईनं विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. बायको चपला काढता काढता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणाल्या, वेळ लागेल," मास्तर म्हणाले.

आईनं एक सुस्कारा सोडला, तो सुनेच्या दिशेनं. दुसऱ्या दिवशी पेला काठोकाठ भरला होता.

"सांगितलं का नाहीत?" खोलीत गेल्यावर बायकोनं विचारलं.

"सांगतो ना. जरा फरक पडू दे, मग सांगतो."

"म्हणजे तोवर काढा मी प्यायचा."

मास्तर हसले. आपण हसतोय एकटेच, हे ध्यानात आल्यावर त्यांनी दिवा घालवला.

पण माणूस एकदा मनावर घेतलं की मागे हटणारा नव्हता. सिगारेट सुटली. ती सोडताना मास्तरांनी इतके फुटाणे चघळले की दाढ दुखायला लागली. बेकरीच्या पलीकडच्या गल्लीत एक जिम होतं, तिथं त्यांनी नाव घातलं. तिथल्या प्रशिक्षकाला सगळे डंबेल म्हणत. मान जवळजवळ नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. त्यानं मास्तरांना पहिल्या दिवशी पळण्याच्या पट्ट्यावर उभं केलं. मास्तर पळाले, धापा टाकल्या, घामाघूम झाले आणि उतरून बघतात तर जिथं होते तिथंच. जागच्या जागी घुटमळणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी नीट कळलं आणि ते मनातल्या मनात वरमले.

डंबेलनं एकदा त्यांना बाजूला घेऊन ताकदीचं इंजेक्शनही सुचवलं होतं. "महिन्याभरात दंड बघा कसे भरतात!" मास्तरांना सुईची भीती, म्हणून ते वाचले. पुढे डॉक्टरबाईंनी सांगितलं की असली इंजेक्शनं घेतली की शरीर स्वतःचं उत्पादनच बंद करतं. दंड भरतात आणि कारखान्याला कुलूप लागतं.

पण जिममध्ये मास्तरांचा जीव रमला तो भलत्याच ठिकाणी. मागच्या बाजूला वाफेची खोली होती. पांढऱ्या फरशीचे ओटे, कोपऱ्यातून सुंऽऽ करत येणारी वाफ, आणि पंचा गुंडाळून बसलेली चार निवांत माणसं. मास्तरांनी दार उघडलं आणि त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. व्यायाम झाला की ते रोज तिथं जाऊन बसू लागले. निवृत्त पोस्टमास्तर शेजारी बसायचे, त्यांना मांजरीच्या पिल्लांची गोष्ट नवीन होती.

"एवढा वेळ कशाला बसता हो आत?" बायकोनं एकदा विचारलं.

मास्तरांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. "अगं, पीठ मळून झालं की ते उबेला ठेवावं लागतं. नुसतं मळून पाव फुगतो का? व्यायाम म्हणजे मळणं झालं. आता ऊब नको? एवढं काय डॉक्टरांनी सांगायला हवं?"

त्यावर बायको काय बोलणार! भट्टीतलं तिला काय कळतं, असं तिलाच वाटलं.

तीन महिन्यांनी मास्तर दुसऱ्या तपासणीला गेले ते सदरा आत खोचून. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली होती. जिना चढताना धाप लागली नाही, म्हणून वर पोचल्यावर उगीच पुन्हा दोन पायऱ्या खाली उतरून वर आले. निकालाच्या दिवशीही अशीच ऐट. डॉक्टरबाईंनी निकाल वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"संख्या आणखी घटली आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी धावपळ, एवढे फुटाणे, आणि हे? डॉक्टरबाईही गोंधळल्या होत्या. सिगारेट खरंच सुटली का? झोप? ताप येऊन गेला का? कसली औषधं? सगळ्याची उत्तरं बरोबर येत होती.

"आणि ते वाफेचं सांगा ना," बायको हळूच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "कसली वाफ?"

आता मास्तरांना जरा हुरूप आला. त्यांनी पिठापासून सुरुवात केली. मळणं, उबेला ठेवणं, फुगणं, सगळं हातवारे करून समजावलं. मांजरीची पिल्लंही झाली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि काही वेळ त्यांचे खांदे नुसते हलत राहिले.

"अहो," वळून त्या म्हणाल्या, डोळे अजून ओले, "एवढी महत्त्वाची गोष्ट निसर्गानं शरीराच्या बाहेर का टांगून ठेवली असेल? आत चांगली सुरक्षित जागा असताना?"

मास्तरांनी यावर कधी विचार केला नव्हता.

"गार राहावी म्हणून. बाकीच्या शरीरापेक्षा तिथं जरा कमीच ऊब लागते. तुम्ही रोज जाऊन तिला वाफवत होता." मग एकदम त्या गंभीर झाल्या. "थांबा. बेकरीत तुम्ही नेमकं काय करता?"

मास्तरांनी भट्टीचं सांगितलं. खड्ड्याचं सांगितलं.

"आणि भट्टीचं तोंड कुठवर येतं?"

मास्तरांनी हात नेऊन उंची दाखवली आणि हात तिथंच राहिला.

"हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता वाफ बंद. आणि जमलं तर भट्टीपासून काही महिने लांब राहा. व्यायाम चालू ठेवा, तो चांगलाच केलात. फक्त भाजू नका."

जिन्यावर बायकोला हसू आवरेना. कठड्याला धरून ती हसली, मास्तरही हसले, खालून वर येणाऱ्या एका म्हातारबाबांना वाटलं की ह्यांना गोड बातमी मिळाली, त्यांनी दोघांना आशीर्वादही देऊन टाकला. मग मास्तरांच्या ध्यानात आलं. भट्टी सोडायची. भट्टी सोडली तर मास्तर कशाचे?

मालकांना त्यांनी सांगितलं की कंबर धरलीय. मालकांनी त्यांना पीठ मळायच्या टेबलावर टाकलं आणि सकाळी हातगाडीवरून दुकानांना पाव पोचवायचं कामही दिलं. भट्टीवर धाकटा कारागीर उभा राहिला. पहिल्या दिवशीची पहिली खेप काळी ठिक्कर निघाली. मास्तर टेबलामागून ओरडत होते, "तळ बघ! अरे, तळ बघ आधी!" पण जायची बंदी. जळक्या पावाचा वास दिवसभर त्यांच्या छातीत बसून राहिला, आणि त्या दिवशी त्यांना खरंच रडू आलं. ते त्यांनी पिठाच्या पोत्यामागे उरकून घेतलं.

हळूहळू अंगवळणी पडलं. हातगाडी ढकलत चालताना मास्तरांना कळलं की सकाळी गल्ल्यांमधून वारा वाहतो. इतकी वर्षं ते त्या वेळी खड्ड्यात असत. दुकानदार ओळखीचे झाले. घट्ट जीन्सची जागा सैल सुती पँटनं घेतली. संध्याकाळी बायको दुकानातून सुटली की दोघं नदीवरच्या पुलापर्यंत चालत जायची. लग्नानंतर एवढं बोलायची त्यांना कधी सवडच झाली नव्हती. बोलण्यासारखी बायको आहे, हे मास्तरांना नव्यानं समजलं.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. पेला. रोज सकाळी तो सुनेपुढे यायचा, आणि मास्तर समोर बसलेले असायचे. पाव सुटला होता, काकडी खायचे, एवढाच फरक. वर आई शेजारणींना सांगायची, "सुनेच्या काळजीनं पोखरलाय माझा पोर. निम्मा झालाय बघा." शेजारणी हळहळायच्या. मास्तरांना चुलत-मामेभावंडांकडून सहानुभूती मिळू लागली. ती घेताना त्यांना कसंसंच व्हायचं, पण ते घ्यायचे.

तिसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी निकाल वाचतानाच मान डोलावली. "वाढलेत. आणि पळतायत. मूल कधी होईल याची हमी मी देत नाही, ती कुणीच देत नाही. पण आता वाट अडवणारं मला काही दिसत नाही."

मास्तरांना जिन्यावरून उड्या मारत उतरावंसं वाटलं. "सुटलो बघ!" ते बायकोला म्हणाले. "आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही."

"हो," बायको म्हणाली. तेवढंच. आणि दोन पायऱ्या पुढे होऊन उतरू लागली.

त्या "हो"नं मास्तरांचा पिच्छा पुरवला. हातगाडी ढकलताना, पीठ मळताना, मध्येच ते ऐकू यायचं. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

रविवारी मावशी जेवायला आली. मास्तरांनी बेकरीतून केक आणला होता. निकाल चांगला लागल्याचा तो केक होता, पण कारण दोघांनाच माहीत. बायको वाढत होती. मावशीनं मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चुकचुकली.

"काय दशा झालीय पोराची! का गं, काढा घेतेस ना नीट? की ओततेस मोरीत?"

"घेते मावशी."

"मग गुण कसा येत नाही? कठीण आहे बाई. असं किती वर्षं थांबायचं? काही माणसं सरळ दुसरा विचार करतात."

आई पानातला भात कालवत राहिली. बायकोचा वाढणारा हात जरासा थांबला, आणि मग तिनं मावशीच्याच ताटात आणखी एक डाव वाढला. मास्तरांनी तो हात पाहिला. आता गरज उरलेली नव्हती. गप्प बसून केक खाल्ला असता तरी चाललं असतं.

"मावशी," ते म्हणाले, "हिच्यात काहीच दोष नाही. कधीच नव्हता. कमी होतं ते माझ्यात."

"काहीतरीच!" आई म्हणाली. "तिची बाजू घ्यायला बोलतोयस."

"खरंच सांगतोय आई."

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," मावशीनं ठणकावलं.

म्हणजे आता मास्तरांवर स्वतःचाच दोष सिद्ध करायची पाळी आली. आणि त्यांनी तो केला. संख्या सांगितली, सुस्ती सांगितली, जागच्या जागी घुटमळणं सांगितलं. खड्डा आणि भट्टीच्या तोंडाची उंची तर उभं राहून हातानं दाखवली. वाफेच्या खोलीपाशी येईतो मावशीनं रुमालात तोंड लपवलं होतं. बायको डाव हातात धरून भिंतीशी उभी होती.

आई मात्र हसली नाही की लाजली नाही.

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हाच."

"आणि त्यानंतरही ही काढा पितच राहिली."

"हो."

"रोज. आणि तू समोर बसून बघत होतास."

मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला. "हो आई. लाज वाटत होती मला."

"कसली? आजाराची?"

"आधी आजाराची. मग गप्प बसल्याची."

आईनं हात लांब करून त्यांच्यापुढची केकची बशी उचलली आणि सुनेच्या जागेवर ठेवली. "बस गं तू," ती म्हणाली. "खूप वाढलंस." मावशीला त्या दिवशी घरी लवकर जायचं असल्याचं एकाएकी आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आंघोळ करून, गार पाण्यानं, टेबलाशी आले. बायकोपुढे चहा होता. त्यांच्यापुढे पेला. काठोकाठ.

"आई, अगं डॉक्टर म्हणाल्या, आता सगळं ठीक आहे. ह्याचा काही उपयोग नाही..."

"तिला तरी कुठं होता उपयोग?" आई पाठ न वळवता म्हणाली. "प्यायलीच ना ती?"

मास्तरांनी एक घोट घेतला. कडवटपणा जिभेवरून थेट कानांपर्यंत गेला. डोळ्यांत पाणी आलं. हे असलं बायको रोज पीत होती, आणि मग पेला विसळून कामाला जात होती. इतके दिवस समोर बसून त्यांना याची चव माहीत नव्हती.

"किती दिवस प्यायचाय हा?" त्यांनी विचारलं.

"तिनं प्यायला तितके दिवस," आई म्हणाली.

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला. ती हसत होती, आणि डोळे पुसत होती.

"नाक धरा," ती म्हणाली. "मग जरा सोपं जातं."

मास्तरांनी नाक धरलं, पेला रिकामा केला आणि उठून विसळून ठेवला.